मोराचा डावा पाय

या समारंभाचे अध्यक्ष आणि ज्यांच्या दुकानातल्या कापडाशिवाय आपल्या पंचक्रोशीत एकही नवरदेव घोड्यावर बसला नाही असे नवलकिशोर सेठजी, छत्तीस वर्षं या गावच्या दोन पिढ्यांचे कान ज्यांच्या हातात होते ते आजचे सत्कारमूर्ती, मुख्याध्यापक काकासाहेब सर, व्यासपीठावर बसलेले, आणि व्यासपीठावर खुर्ची न मिळाल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले सर्व मान्यवर, शिक्षकवृंद, अंबडहून मुद्दाम आलेले आमचे व्याही, आणि मागं भिंतीला टेकून उभे असलेले, भाजीला फोडणी बसल्याशिवाय जागचे हलणार नाहीत असे कुंभार पिंपळगावचे माझे तमाम बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी कल्याण. बस स्टँडसमोर माझं कृषी सेवा केंद्र आहे, हे सांगायला नको. मला भाषणाची सवय नाही. बियाण्याची उगवण किती टक्के, एवढंच चारचौघांत सांगायची सवय, आणि तेही पिशवीवर छापलेलं असतं. तरी आज दोन शब्द बोलायला उभा राहिलोय, कारण सर निवृत्त होतायत, आणि सरांच्या सहाव्या पुस्तकाचा सत्कारही याच समारंभात उरकायचा असं ठरलंय. एका हारात दोन कामं. आपलं गाव पहिल्यापासूनच व्यवहारी.

सरांनी वर्गात काय शिकवलं ते तुमच्या पाठीला आठवत असेलच. मी बोलतोय ते त्यांच्या रविवारच्या कामाबद्दल. रविवारी सगळं जग आराम करतं तेव्हा सर वही घेऊन गावोगाव फिरतात. ज्या माणसांवर कुणी पुस्तक लिहिणार नाही, त्यांच्यावर सर लिहितात. एका सनईवाल्यावर लिहिलं, गौरीचे मुखवटे रंगवणाऱ्या एका आजीबाईंवर लिहिलं. घनसावंगीपासून पार टेंभुर्णीपर्यंत हाताला कसब असलेला माणूस मेला, की तिसऱ्या दिवशी सर दारात हजर. लोक म्हणायचे, आधी सर येतात आणि मग कावळा शिवतो.

त्यांचा एक नियम आहे. वहीचं प्रत्येक पान मधोमध दुमडलेलं. डावीकडं सांगणाऱ्याचं म्हणणं, उजवीकडं दुसऱ्या साक्षीदाराचं. उजवी बाजू कोरी राहिली की ते पान पुस्तकात जात नाही. त्या सनईवाल्याला कुण्या सरदारानं सोन्याचं कडं दिलं, असं त्याचा मुलगा देवाची शपथ घेऊन सांगत होता. सरांनी दुसरा साक्षीदार मागितला. तो काही मिळाला नाही, आणि कडं पुस्तकातून गेलं. त्या घरात सरांना अजून चहा मिळत नाही.

असे हे काटेकोर सर. आणि त्यांच्या सहाव्या पुस्तकाचे नायक म्हणजे माझे आजोबा. पुस्तकाचं नाव, 'रंगांचा धनी रखमाजी'. मुखपृष्ठावर हाच पडदा आहे, जो आता माझ्या पाठीमागं टांगलाय. चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याच्या नाटकाचा पडदा. मागं राजवाडा, मधे कारंजं, पुढं मोर. मोर नीट बघून ठेवा, पुढं काम पडणार आहे. बाजूच्या भिंतीवर लाल कापडानं झाकलेली पाटी आहे, तिच्यावर 'रखमाजी रंगमंच' असं लिहिलंय. माझं भाषण संपलं की सेठजी दोरी ओढणार आणि टाळ्या पडणार, असं पत्रिकेत छापलंय.

सेठजी, हात जोडून विनंती करतो, दोरी जरा सैल सोडा.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं, पाच मिनिटं बोला आणि आजोबांची एक आठवण सांगा. तर सांगतो. माझ्या आजोबांनी जन्मात एकच वस्तू रंगवली. एका पोळ्याला त्यांनी बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावायला घेतला. डावं शिंग लाल केलं, तेवढ्यात कुणीतरी तंबाखू पुढं केली, गप्पा लागल्या आणि उजवं शिंग राहून गेलं. बैल तसाच मिरवणुकीत गेला.

सर चष्मा पुसून राह्यलेत. तुम्ही बराबर ऐकलं, मंडळी. माझ्या आजोबांना चित्र काढता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'रखमाजी गणपतराव, कुंभार पिंपळगाव' असं ठळक लिहिलंय ते काय? मी तुम्हालाच विचारतो. तुमच्या डोक्यावर जो पंखा फिरतोय, त्याच्या पात्यावर कुणाचं नाव आहे? सेठजींच्या मातोश्री सायरबाईंचं. मग सायरबाईंनी पंखा बनवला का? लग्नातल्या पातेल्यावर मामाचं नाव असतं. मामा तांबट असतो का? आपल्याकडं वस्तूवर नाव देणाऱ्याचं असतं, करणाऱ्याचं कुठंच नसतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण सर पडले पुस्तकवाले. पुस्तकात चित्राखाली नाव असतं ते चित्रकाराचं. शाळेची अडगळीची खोली झाडताना त्यांना हा पडदा सापडला, त्यांनी नाव वाचलं आणि तसेच माझ्या दुकानात आले.

खरं काय घडलं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्या साली पोरांनी नाटक बसवलं, आणि जो पडदा देईल त्याला नाटकात काम, असं ठरलं. आजोबांना राजा व्हायचं होतं. त्यांनी पडदा दिला. मग तालमीत त्यांचं बोलणं ऐकून पोरांनी त्यांना भालदार केलं. एकच वाक्य होतं, 'महाराजांचा विजय असो'. दसऱ्याला दर्शनी पडदा वर गेला, समोर सगळं गाव दिसलं, आणि भाला धरून आजोबा म्हणाले, "राम राम मंडळी, बसा."

त्यानंतर ते पुन्हा कधी या पडद्याच्या आसपास फिरकले नाहीत. हे लक्षात असू द्या, कारण एक वचन त्यामुळंच राहून गेलं. त्याकडं येतोच.

सर दुकानात आले ती वेळ वाईट होती. आमची आकांक्षा बघायला हे अंबडचे पाहुणे पहिल्यांदाच आले होते आणि दुकानात बसून चहा घेत होते. सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कल्याणराव, तुमचे आजोबा मोठे चित्रकार होते. तुम्ही कधी बोलला नाहीत?" पाहुण्यांनी बशी खाली ठेवून माझ्याकडं पाह्यलं. अहो, त्या दिवशी कुणी आजोबांना हवाई दलात होते का म्हणून विचारलं असतं, तरी मी हो म्हणालो असतो. व्याही, लग्नाला आता दोन वर्षं झाली, पोरगी सुखात आहे, कृपा करून आज हिशेब नवा मांडू नका.

एकदा 'होते' म्हटलं, आणि मग दर रविवारी सर येऊ लागले. आजोबा कुठं शिकले? हैदराबादला, मी म्हणालो. आजोबा कोर्टाच्या तारखेसाठी अंबडला गेले तेवढेच, त्यापुढं गेले नाहीत. रंग कशाचे वापरायचे? पळसाच्या फुलांचे. मोर रंगवताना काय करायचे? डोळा पूर्ण होईपर्यंत उपास करायचे. आजोबा एकादशीलासुद्धा दोनदा जेवायचे.

आणि दुसरा साक्षीदार? मी लिंबाजीकाकांना पुढं केलं. आमचे चुलते, आजोबांचे धाकटे चिरंजीव, ते काय खिडकीजवळ बसलेत. काकांना गेली दहा वर्षं ऐकू येत नाही आणि ते मान्य करायला त्यांना लाज वाटते. त्यामुळं कुणीही काहीही विचारलं की ते "बराबर" म्हणतात. मागं रेशन कार्डवाल्यानं विचारलं, "लिंबाजीराव, यादीत तुमी वारले असं लिवलंय, खरं हाय का?" काका म्हणाले, "बराबर." ते निस्तरायला आठ महिने लागले. अशा साक्षीदारानं सरांच्या वहीची उजवी बाजू भरली. चौऱ्याण्णव पानं.

तुम्ही म्हणाल, पाहुणे गेल्यावर तरी खरं सांगायचं. सांगणार होतो. दुसऱ्या रविवारी तेच ठरवून बसलो होतो. पण सर आले, नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी दुकानातला पंखा बंद केला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, "सांगा." मंडळी, माझं वय चोपन्न. माझं बोलणं लिहून घ्यावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. घरात वाटलं नाही, ग्रामसभेत तर नाहीच नाही. सर लिहायचे, मान डोलवायचे, "थांबा, हे पुन्हा सांगा" म्हणायचे. त्या पेनापुढं मी वाहवत गेलो. ही सबब नाही. खरी गोष्ट आहे म्हणून सांगितली.

पुस्तक निघालं. पहिल्या आवृत्तीतल्या दोनशे प्रती मीच घेतल्या आणि सोयाबीनच्या दोन पिशव्यांवर एक अशा वाटल्या. त्यामुळं माझी थाप आज तीन तालुक्यांत पोचलीय, आणि उगवण म्हणाल तर शंभर टक्के.

आता त्या मोराकडं बघा. त्याला एकच पाय दिसतो, उजवा. डावा पाय दगडाआड गेलाय. या पायावर सरांच्या पुस्तकात पूर्ण दोन पानं आहेत. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. "एक पाय राजवैभवात आणि दुसरा अज्ञातात ठेवून उभा असलेला हा मोर म्हणजे रखमाजींच्या विरक्त मनाचं दर्शन होय." आजोबांचं मन विरक्त होतं ते फक्त शेतातल्या कामाच्या बाबतीत.

आणि पान एक्केचाळीसवर एक ओळ आहे. "कलावंत कापसाच्या खोलीत तासन्‌तास पडदा रंगवीत असताना शेजारची एक सून चहा आणून देत असे." नाव नाही. शेजारची एक सून. ही ओळ सरांची नाही, माझी आहे. खोलीत ती बाई होती हे मला माहीत होतं, तिला पुरती खोडायला मन धजलं नाही, म्हणून मी तिच्या हातात चहाची कपबशी दिली.

गेल्या मृगाच्या आधी ती बाई माझ्या दुकानात मक्याचं बी घ्यायला आली. पुष्पाकाकू. आमच्या शेजारच्या, माहेर टेंभुर्णी. आज वय त्र्याहत्तर. इथंच बसल्यात, बायकांच्या तिसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं. काऊंटरवर पुस्तकांचा गठ्ठा होता. त्यांनी वरचं पुस्तक उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि बराच वेळ मुखपृष्ठ बघितलं. मग म्हणाल्या, "डावा पाय बिघडल्ता माझा. तीनदा पुसला, तरी कोंबडीसारखाच येऊन राह्यला. मंग वर दगड काढला."

आणि पुस्तक माझ्यापुढं करून म्हणाल्या, "ह्याच्यात माझं काय लिवलंय का रे?"

मी पान एक्केचाळीस काढून वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चहा न्हाई केला बाबा मी कधी. रंगाच्या हाताचा चहा कोण पेतं?" आणि बियाण्याची पिशवी घेऊन गेल्या.

तेव्हापासून मला झोप नाही, हे आमच्या मंडळींना विचारा.

तर खरी गोष्ट अशी आहे, सर. जालन्याचा एक पेंटर येतो येतो म्हणत आलाच नाही. दसरा महिन्यावर आला, मांजरपाट शिवून तयार, आणि आजोबा डोक्याला हात लावून बसलेले. शेजारची बावीस वर्षांची सून आमच्या कापसाच्या खोलीत कामाला यायची. तिनं खोलीच्या भिंतीवर गेरूनं आणि कोळशानं एक घोडा काढलेला आजोबांनी पाह्यला. ते म्हणाले, "पोरी, असाच राजवाडा काढशील का?" ती म्हणाली, "राजवाडा म्या पाह्यलेला न्हाई." आजोबा म्हणाले, "मी बी न्हाई. गावानं बी न्हाई. काढ तुझ्या मनानं." महिनाभर दुपारी दार लोटून तिनं हा पडदा रंगवला. सासूला सांगितलं, कापूस निवडायला जाते. आजोबांनी वचन दिलं होतं, नाटक होऊन जाऊ दे, मग खाली तुझं नाव टाकू. नाटकात 'राम राम मंडळी' झालं, आजोबा तोंड लपवून बसले, पडदा गुंडाळून शाळेत गेला, आणि नाव राहून गेलं ते एक्कावन्न वर्षं. वचन आजोबांकडून सुटलं ते लाजेपायी. मी मात्र ठरवून तिला चहा करायला लावलं. आजोबांपेक्षा माझा गुन्हा मोठा आहे.

दुसरी आवृत्ती सोमवारी छापायला जाणार. पाटीवरचं कापड आज निघणार. आज बोललो नाही, तर पुष्पाकाकू कायमच्या शेजारच्या सूनच राहतील. म्हणून सरांच्या निरोपाच्या दिवशी हे बोलावं लागलं. सर, तुमच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची मी माती केली. तुम्ही या शाळेत यायच्या आधीच मी शाळा सोडली, म्हणून तुमचा मार कधी खाल्ला नाही. ते राहून गेलेलं आज उरकून टाका, मी तक्रार करणार नाही.

थांबा. सर काहीतरी विचारून राह्यलेत. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी माइकवर सांगतो. सर विचारतायत, "दुसरा साक्षीदार कोण?"

वही काढलीय त्यांनी, मंडळी. खिशातून. स्वतःच्या निरोप समारंभाला हा माणूस वही घेऊन आलाय.

सर, त्या खोलीत दोघंच असायचे. आजोबा गेले. मी तेव्हा तीन वर्षांचा, माझी साक्ष चालायची नाही. दुसरा साक्षीदार माझ्याकडं…

काय म्हणता सेठजी? जरा माइकजवळ या ना. सेठजी म्हणतायत, मी आहे. तेव्हा त्यांच्या दुकानात कापडासोबत रंगाच्या पुड्याही मिळायच्या. सेठजी, तुमच्याच शब्दांत सांगा. सेठजी सांगतायत, "रखमाजीभाऊ दाराशी उभे होते. रंग त्या बाईनं निवडले, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. मी कपड्याची नीळ दाखवली तर म्हणाली, ही नगं, मोराची नीळ द्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, मला मोराची नीळ कुठली माहीत? तिनं स्वतः आत येऊन डबा दाखवला. बिलकुल याद आहे." ऐकलंत, सर? सेठजी भाव सांगताना सोडून आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत.

आणि खिडकीजवळून लिंबाजीकाका म्हणतायत, "बराबर." काका, तुम्ही राहू द्या.

सर लिहून राह्यलेत. डावी बाजू भरली, उजवी बाजू भरली. सर, त्या पानाखाली एवढं लिहा की पाटी मी करून दिली होती, तीच बदलूनही मीच देईन.

एकच गोष्ट राहिली. काल सकाळी मी पुष्पाकाकूंकडं गेलो होतो. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाया पडलो, सगळं कबूल केलं आणि म्हणालो, "काकू, उद्या सगळ्यांसमोर पडद्यावर तुमचं नाव घालू. रंग आणि ब्रश मी आणून ठेवतो."

त्या म्हणाल्या, "घाला, घालायचं तर. पर नावाचं मंग. आधी मला त्यो पाय काढू दे. रानात मोर नाचू द्या की काही करू द्या, एक्कावन्न वर्षं झाले, मला नुस्ता त्याचा पायच दिसून राह्यला. आता येतो मला. लई वेळा जमिनीवर काढून पाह्यलाय."

मी म्हणालो, "काकू, त्या लपलेल्या पायावर सरांनी दोन पानं लिहिलीत."

त्या म्हणाल्या, "मंग सरांना म्हणाव, एवढी दोन पानं कमी करा."

सर हसून राह्यलेत. सर, तुम्ही हसलात, माझ्या जिवात जीव आला.

भाषण लांबलं. आयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, ती मी कधीच ओलांडली. आचारी दारातून डोकावून गेला, त्याचाही मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राहून गेला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, तर लेकरू समजून पदरात घ्या. आमच्या घराण्याला नाव सोडण्याची सवयच आहे. पुस्तकातली माझी चूक मात्र पोटात घालू नका, तेवढी पानावर दुरुस्त करा. सरांचं पुढचं आयुष्य निरोगी जावो, आणि त्यांना माझ्यासारखा माहिती देणारा पुन्हा न भेटो.

पुष्पाकाकू, या आता. सावकाश. डावीकडची पायरी हलते, उजवीकडून चढा. आकांक्षा, काकूंना हात दे. इथं स्टुलावर ब्रश ठेवलाय, आणि वाटीत ही नीळ सकाळीच सरस घालून भिजवून ठेवलीय, मोराची नीळ, खास जालन्याहून मागवली.

काय म्हणालात, काकू?

मंडळी, काकू म्हणतायत, "मोराचा पाय निळा असतो का रे कधी? काजळी आण."

सर, हेही लिहून घ्या. आमच्या घराण्याला रंगातलं काही कळत नाही, याला आता तीनशे साक्षीदार झाले. धन्यवाद.